लेकॉक की ईम? इंग्लंडमधील एका दिवसाच्या खेड्याची निवड

मुलांकडे इंग्लंडला आलेल्या आईवडिलांचे लंडन बघून झाले की एखादे जुने, खरेखुरे खेडे पाहण्याची इच्छा हमखास पुढे येते. सुट्टीचा दिवस मात्र बहुधा एकच हाताशी असतो. अशा वेळी नैऋत्येकडील विल्टशरमधले लेकॉक आणि उत्तरेकडील डार्बीशरमधले ईम या दोन गावांचा विचार अवश्य करावा. दोन्ही गावांत आजही माणसे राहतात आणि मुलांची शाळा भरते. तरीही दोन्हींची प्रकृती इतकी वेगळी आहे की आपल्याबरोबर कोण आहे हे पाहूनच निवड करणे बरे.

लेकॉकचा इतिहास मठापासून सुरू होतो. सॉल्झबरीची काउंटेस एला हिने १२२९ मध्ये येथे ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ स्थापन केला. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये, तो बंद झाला आणि विल्यम शॅरिंग्टन याने ती वास्तू विकत घेऊन तिचा वाडा केला. पुढे टॅल्बट घराण्याकडे आलेल्या याच वाड्यात विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८३५ मध्ये दक्षिण दालनातील जाळीदार खिडकीचे छायाचित्र घेतले. आज टिकून असलेली जगातील सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच. कागदाच्या त्या इवल्याशा तुकड्यावरील खिडकीच्या सुमारे दोनशे काचा भिंगाखाली मोजता येतात, अशी नोंद त्याने स्वतः करून ठेवली आहे. ती खिडकी आजही जागेवर असून तिच्यासमोर उभे राहता येते. छायाचित्रणाची आवड असलेल्यासाठी एवढ्या एका कारणासाठीही लेकॉकची वाट धरणे योग्य ठरेल.

१९४४ मध्ये मटिल्डा टॅल्बट यांनी वाड्यासह जवळजवळ सगळे गाव नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकले. बहुतेक घरांत तेव्हापासून ट्रस्टचे भाडेकरू राहतात. रस्त्यावर विजेच्या तारा किंवा छपरांवर अँटेना दिसत नाहीत, त्यामुळे चित्रीकरणासाठी या गावाला सतत मागणी असते.

सोयींच्या बाबतीत लेकॉक निःसंशय सरस आहे. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून चिपनमपर्यंत थेट गाडी आहे आणि तेथून गाव तीन मैलांवर आहे. गाव सपाट असून चार रस्त्यांच्या चौकोनात सामावलेले आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसालाही ते सावकाश फिरून पाहता येते. वाहनतळ, बेकरी, चहाची दुकाने, जुन्या खानावळी हे सारे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गावात फिरायला पैसे पडत नाहीत. मठाचा तो वाडा पाहायला मात्र तिकीट लागते. उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी गर्दी होते, तेव्हा सकाळी लवकर पोहोचावे.

ईमची गोष्ट निराळी आहे. (इंग्रजी अक्षरे पाहून 'एयाम' म्हणण्याचा मोह होतो, परंतु वाट विचारताना 'ईम' असेच म्हणावे.) सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून येथे प्लेग आला, असे परंपरेने सांगितले जाते. पुढच्या जूनमध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे, धार्मिक मतभेदांमुळे पद गमावलेले थॉमस स्टॅन्ली हे दोघे एकत्र आले आणि साथ शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून त्यांनी गावकऱ्यांना वेशीबाहेर न जाण्यास राजी केले. सुमारे चौदा महिन्यांत २६० माणसे गेली, त्यांत मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही होती. एलिझाबेथ हॅन्कॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले आपल्या हातांनी पुरली. गावाबाहेरच्या कुरणात दगडी कुंपणाआड त्या कबरी आहेत.

१८९७ मध्ये पुण्यात सोल्जरांनी घरोघरी शिरून केलेली तपासणी आणि रुग्णसेवा करताना प्लेगनेच झालेले सावित्रीबाई फुले यांचे निधन ज्या मराठी माणसाला ठाऊक आहे, त्याला ईममध्ये पाऊल अडखळल्याशिवाय राहणार नाही. तेथे बंदी वरून लादलेली नव्हती, गावाने ती स्वतःवर घालून घेतली होती. घरांसमोरच्या पाट्यांवर त्या त्या घरात दगावलेल्यांची नावे आहेत, आणि त्याच घरांच्या खिडक्यांत आज फुलांच्या कुंड्या ठेवलेल्या दिसतात.

ईमला जायला मात्र अधिक खटपट करावी लागते. शेफील्डहून बस मिळते, पण परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी. जवळचे रेल्वे स्थानक ग्रिंडलफर्ड हे असून तेथून चढ चालावा लागतो, म्हणून वृद्धांबरोबर स्वतःची गाडी असलेली उत्तम. गावात दुकान, चहापाण्याची जागा, पब आणि वसतिगृह आहे, परंतु लेकॉकइतकी निवड नाही. संग्रहालय हिवाळ्यात बंद असते.

बरोबर लहान मुले किंवा चालायला त्रास होणारे कोणी असेल, अथवा लंडनहून त्याच दिवशी परतायचे असेल, तर निःशंकपणे लेकॉक निवडावे. मँचेस्टर वा शेफील्डच्या परिसरात राहत असाल आणि बरोबरच्यांना दोन-तीन मैल चालता येत असेल, तर माझे मत ईमच्या बाजूने आहे. तेथे आधी संग्रहालय पाहावे, मग चर्चच्या आवारातला आठव्या शतकातील कोरीव क्रूस, आणि शेवटी शेजारच्या स्टोनी मिडल्टन गावाच्या वाटेवरचा सीमेचा दगड गाठावा. त्या दगडात खळगे आहेत. साथीच्या काळात बाहेरून अन्न आणून ठेवणाऱ्यांसाठी गावकरी, रोग नाण्यांबरोबर जाऊ नये म्हणून, त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवत असत.