जळगावचे भाषांतर केंद्र: ‘सेक्शन’ या एका शब्दावर घेतलेली पारख

जळगावच्या न्यायालय परिसरालगत टंकलेखन, दस्तलेखन आणि भाषांतराची जी दुकाने आहेत, त्यांपैकी एकाकडे मी आमच्या शेतवाटणीचे इंग्रजी कागद मराठीत करून घेण्यासाठी दिले होते. त्या गठ्ठ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा आदेश, राहत्या घराचा नकाशा आणि आजोबांच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेतील नोकरीची जुनी कागदपत्रे होती. ‘सेक्शन’ हा शब्द या तिन्हींत होता आणि प्रत्येक ठिकाणी तो निराळे काम करत होता, त्यामुळे दुकानाची खरी परीक्षा त्याच एका शब्दावर झाली.

काम स्वीकारताना भाषांतरकारांनी पाने मोजण्याआधी “हे कुठे दाखल करायचे आहे?” असे विचारले आणि मूळ कागद शेवटपर्यंत चाळला. माझ्या मते या सेवेचे निम्मे मोल या विचारण्यातच आहे. याच आदेशाचे मोबाइलवरील यंत्राने केलेले भाषांतर मी आधी पाहिले होते आणि त्यात सरसकट ‘विभाग ५४ अन्वये’ असे उमटले होते. ते घेऊन तहसील कार्यालयात गेलो असतो, तर कारकुनाला कागद पुन्हा इंग्रजीतच वाचावा लागला असता. दुकानाच्या मसुद्यात ‘दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चे कलम ५४’ असे नीट लिहिलेले होते. सरकारला सारा (जमीन महसूल) भरणाऱ्या जमिनीची वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करण्याची तरतूद याच कलमात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील सहधारकांच्या वाटणीचा उल्लेखही त्यांनी ‘कलम ८५’ असाच ठेवला. वाटणी ‘सरस-निरस मानाने’ करावी, ही महसुली कागदांत रुळलेली शब्दयोजना त्यांनी योग्य ठिकाणी वापरली, हे मला विशेष आवडले, कारण विहिरीजवळचा काळा तुकडा आणि नाल्याकाठचा मुरमाड तुकडा क्षेत्राने सारखे असले तरी वाट्याने सारखे नसतात, हे या तीन शब्दांत पूर्णपणे येते. माझ्या आत्याबाईंना ‘एक चतुर्थांश अविभक्त हिस्सा’ म्हणजे चार आणे, हे त्यांनी शांतपणे अहिराणीत समजावून सांगितले आणि त्यासाठी वेगळे पैसे मागितले नाहीत.

रेल्वेच्या कागदांतील काम मात्र सर्वांत उत्तम झाले आहे. ‘डिव्हिजन’साठी त्यांनी ‘भुसावळ विभाग’ असे लिहिले, पण ‘ब्लॉक सेक्शन’ तसाच देवनागरीत ठेवून खाली एका ओळीची टीप दिली, की लोहमार्गाच्या या टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडली जाते. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत लहान मुलेसुद्धा ‘सेक्शन’ म्हणतात, त्यामुळे तेथे ओढूनताणून संस्कृत शब्द घडवला असता तर वाचणाऱ्याचा गोंधळच झाला असता. आजोबांच्या पत्त्यातील ‘पूर्व खानदेश’ हा जिल्हाही त्यांनी बदलला नाही. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यांतील पूर्वेकडचा म्हणजे आजचा जळगाव जिल्हा, एवढे कंसात नोंदवून मूळ नाव जपले. दस्तऐवजाच्या बाबतीत हीच रीत बरोबर आहे.

उणिवा दोन आढळल्या आणि त्या किरकोळ नाहीत. आदेशात गटाच्या ‘सब-डिव्हिजन’चा उल्लेख होता, त्याचे पहिल्या मसुद्यात ‘उपविभाग’ झाले होते. उपविभाग म्हणजे प्रांताधिकाऱ्यांचे कार्यक्षेत्र. जमिनीच्या बाबतीत तो ‘पोटहिस्सा’ हवा, कारण मोजणी आणि सातबारा दोन्ही त्याच नावाने होतात. घराच्या नकाशावर ‘सेक्शन ए-ए’ म्हणजे इमारत उभी कापून दाखवलेला ‘छेद’ असतो, तेथे ‘भाग अ-अ’ असे लिहिले होते. एवढ्या बारकाईने कायद्याची भाषा जाणणाऱ्या ठिकाणी नकाशा इतक्या घाईने उरकला जावा, याचे वाईट वाटले. दोन्ही दुरुस्त्या त्यांनी विनातक्रार आणि विनामूल्य करून दिल्या, मात्र त्यासाठी पुन्हा जावे लागले.

दर पानाप्रमाणे आहे आणि तो आधी सांगितला जातो. वाटणी, वारसा किंवा जमिनीचे कागद असतील, तर हे दुकान मी निःशंकपणे सुचवेन. नकाशा किंवा तांत्रिक आराखडा असेल, तर ज्या अभियंत्याने तो काढला त्याच्याकडून शब्द तपासून घ्यावेत. मजकूर अजूनही जुन्या टंकात छापला जातो आणि ती फाइल मोबाइलवर उघडली की अक्षरांऐवजी खुणा दिसतात, म्हणून काम देतानाच युनिकोडमधील प्रत मागावी. मागितल्यावर ती देतात.