फ्लॅटवाउंड तारा: आठ-नऊ महिने रेकॉर्डिंगला वापरल्यानंतर

बेस गिटारवर फ्लॅटवाउंड तारा चढवून आता आठ-नऊ महिने होतील. या काळात घरच्या सेटअपवर रेकॉर्डिंगची जी कामं केली, ती जवळपास सगळी याच तारांवर. एवढ्या वापरानंतर लिहितेय, कारण या तारांबद्दल पहिल्या आठवड्यात बनलेलं मत पुढे टिकत नाही. माझं तरी टिकलं नाही. निष्कर्ष आधीच सांगते: जी मंडळी दुसऱ्यांच्या गाण्यांवर बेस वाजवून पाठवतात आणि त्यातून कमाई करू पाहतात, त्यांनी नवा इंटरफेस (बेस कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), नवा प्रीअँप (आवाजाची पातळी वाढवणारा), नवी प्लगइन (सॉफ्टवेअरमधली आवाज बदलणारी साधनं) यांच्या आधी हा बदल करून बघावा.

नेहमीच्या राउंडवाउंड तारेत मधल्या गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते, म्हणून बोटाला खाचा लागतात. फ्लॅटवाउंडचा बाहेरचा थर चपट्या पट्टीचा असतो आणि वरून तार गुळगुळीत लागते. एवढ्याने आवाजातले वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर, कमी होतात, बोट सरकल्याची खरखर जवळजवळ संपते आणि फ्रेटही (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कमी झिजतात. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस 1951 मध्ये आला आणि पुढची बरीच वर्षं इलेक्ट्रिक बेसवर याच तारा रूढ होत्या. 1960 च्या दशकात 'द हू' बँडच्या जॉन एंटविसलसारख्या वादकांमुळे झळाळत्या राउंडवाउंडचा जोर वाढला. आता बहुतेक नवे बेस राउंडवाउंड लावूनच येतात, त्यामुळे कित्येकांनी फ्लॅट तारा स्वतःच्या बोटांखाली कधी ऐकलेल्याच नसतात. मला हे मनापासून खटकतं.

माझा बेस साधा आहे: चार तारी, पॅसिव्ह (आत बॅटरीचं सर्किट नसलेला), 34 इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), मधोमध दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा). तारा चढवताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. फ्लॅटवाउंड तार सरळ कापायची नाही. आधी ट्यूनरजवळ (तार पिळायच्या खुंटीजवळ) पक्का काटकोनी वाक द्यायचा आणि मगच पुढचं टोक कापायचं, नाहीतर वरची पट्टी गाभ्यावर सैल पडून तार निर्जीव होऊ शकते. दुसरं म्हणजे ताण. जाड फ्लॅट सेट नेकला चांगलाच ओढतो. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघायची, साधारण 0.3 मिलीमीटर असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) थोडा थोडा आवळायचा, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि नेक स्थिरावायला एक रात्र द्यायची. मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का, पुन्हा तपासायचं. हे स्वतः करायचं नसेल तर ज्याच्याकडे गिटार सेट करायला देता त्याला तारांचा गेज (जाडी) सांगा. नटच्या (नेकच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा बारीक असतील तर जाड तार वरच अडकते आणि ट्यूनिंग सतत हलत राहतं.

पहिले काही आठवडे या तारा चक्क तेजस्वी वाजतात, थोड्या धातूसारख्या. पुष्कळ जण इथेच निराश होतात, कारण त्यांना जुन्या रेकॉर्डवरचा तो गोल, लाकडी ठोका हवा असतो. तो हळूहळू येतो. दुसऱ्या महिन्यात जी आणि डी तारांची चमक उतरली, ई तार त्यांच्या जोडीला आली आणि चारही तारा एका आवाजात बोलायला लागल्या. त्यानंतर आवाज जो स्थिरावला तो आजतागायत तसाच आहे. रेकॉर्डिंगवाल्यासाठी याची किंमत मोठी. राउंडवाउंडवर आज वाजवलेलं कडवं आणि महिन्याने दुरुस्त करून वाजवलेल्या चार मात्रा यांचा आवाज जुळत नाही, कारण मधल्या काळात तारा मेलेल्या असतात. फ्लॅटवर जुन्या प्रोजेक्टमध्ये नवा तुकडा घातला तर सांधा कळत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते. संथ चालीचं गाणं, कडव्याच्या शेवटी बेसला जी तारेवर पाचव्या फ्रेटवरून बाराव्या फ्रेटवर जायचं होतं, आणि तेही गायकाने श्वास घेतलेल्या जागेत. पियानो तिथे थांबलेला, ड्रमवर फक्त ब्रश. राउंडवाउंडवर ही उडी घेतली की सुरापेक्षा बोटाची किंचाळी आधी ऐकू येते. मग ती किंचाळी कापा, फेड लावा, कापलेल्या जागी खोलीची शांतता भरा. फ्लॅटवर तीच जागा बोट न उचलता सरकत घेतली आणि फक्त सूर वर गेला. एडिटिंगला हातही लावावा लागला नाही. असे प्रसंग एका गाण्यात पाच-सहा असतात आणि त्यातच तास-दोन तास जातात.

आता तक्रारीची बाजू. बेसची मोकळी ई तार 41.2 हर्ट्झची. फोनच्या स्पीकरमधून एवढा खालचा सूर बाहेरच पडत नाही. आपला कान वरच्या हार्मोनिकांवरून, म्हणजे 82, 124, 165 हर्ट्झ आणि त्याच्या वर, मूळ सुराचा अंदाज बांधतो. फ्लॅट तारांमध्ये नेमके हेच वरचे सूर कमी, त्यामुळे मोठ्या स्पीकरवर भारदस्त वाटणारा बेस फोनवर पार गायब होऊ शकतो. सुरुवातीला एका संगीतकाराने हेच कळवलं, "बेस छान आहे, पण फोनवर कुठे जातो?" यावर उपाय आहे आणि तो आता माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतो. बेसच्या ट्रॅकची एक प्रत करायची, तिच्यातलं 200 हर्ट्झच्या खालचं सगळं काढायचं, उरलेल्यावर सणसणीत ड्राइव्ह (आवाज फाटल्यासारखा करणारा इफेक्ट) लावायचा आणि मूळ ट्रॅकच्या खाली ती जेमतेम जाणवेल इतकीच मिसळायची. मूळ आवाजाचा गोलवा तसाच राहतो आणि फोनवर चाल ऐकू येते. दोन्ही ट्रॅक एकमेकांशी फेजमध्ये, म्हणजे लाटेला लाट जुळून, आहेत ना, तेवढं मात्र बघा. काही प्लगइनमुळे प्रत किंचित मागे पडते आणि खालचा आवाज पोकळ होतो.

वाजवण्याच्या ढंगाचा विचार केल्याशिवाय या तारांबद्दल बोलताच येत नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवायचे. 1962 चा प्रिसिजन, जाड फ्लॅट तारा, ब्रिजच्या (तारा खाली जिथे अडकवतात त्या भागाच्या) झाकणाखाली फोम. आणि तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. अमेरिकन सेशन बेसवादक कॅरोल के या पिकने (छोट्या पातीने) वाजवायच्या आणि तारांवर ब्रिजपाशी फेल्टची पट्टी ठेवायच्या. दोघांचा हात पूर्ण वेगळा, पण दोघांच्या वाजवण्यात सूर संपतो कुठे हे सूर सुरू होतो कुठे याइतकंच पक्कं असतं. फ्लॅट तारांनी मला हेच ऐकायला शिकवलं. ठोका लवकर येतो, लवकर ओसरतो, आणि दोन सुरांमधली जागा मोकळी राहते. ड्रमचा किक तिथे श्वास घेतो. ब्रिजपाशी स्पंजचा पातळ तुकडा सरकवला तर हे आणखी स्पष्ट होतं. तुकडा तारेला टेकला पाहिजे, तिला दाबता कामा नये. पिक आणि तळव्याने दाबून वाजवणं, ही जोडी या तारांवर मला सगळ्यात जास्त आवडते. रेगेसाठी, जुन्या सोलच्या ढंगासाठी, गायकाला पुढे ठेवणाऱ्या गाण्यांसाठी याहून चांगलं काही माझ्या हाताला लागलेलं नाही.

स्लॅपला, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून आणि बोटाने उपटून (पॉप) वाजवण्याला, मात्र या तारा साथ देत नाहीत. अंगठ्याचा ठोका बसतो, पण पॉपची ती कडक टाळी येत नाही. खाली ट्यून केलेल्या जड गिटारांच्या संगीतात बेस गिटारांच्या खाली गडप होतो. तिथे स्टीलच्या ताज्या राउंडवाउंड आणि पिक हेच बरोबर. फ्रेटलेसवर, म्हणजे फ्रेट नसलेल्या बेसवर, मत विभागलेलं आहे. जॅझ बेसवादक जाको पास्टोरियस यांनी फ्रेटलेसवर राउंडवाउंड लावल्या आणि फिंगरबोर्डचं लाकूड खरवडू नये म्हणून त्यावर इपॉक्सीचा थर दिला. त्यांच्या बेसचा तो गाता आवाज फ्लॅटवर तसा उमटत नाही. माझा एक मित्र जॅझ वाजवतो. तो फ्रेटलेसवर कमी ताणाच्या फ्लॅट वापरतो, थोमास्टिक कंपनीच्या, ज्यांची ई तार 0.100 आणि जी तार 0.043 इंचाची असते. त्याच्या घरी मी त्या वाजवून पाहिल्या. बोटाखाली मऊ, मधला आवाज भरपूर, व्हायब्रेटोला लगेच दाद. ज्यांना जाड सेटच्या ताणाची धास्ती आहे त्यांनी अशा तारांपासून सुरुवात करावी.

बाकी साखळी लहान आहे. बेसमधून सरळ इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये. लाइन इनपुट नाही. पॅसिव्ह पिकअपला साधारण 1 मेगाओमचा इनपुट लागतो, नाहीतर उरलासुरला तजेलाही मरतो. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, सगळ्यात जोरकस सूर उणे 10 डेसिबलच्या आसपास. बफर (कॉम्प्युटर आवाज ज्या तुकड्यांत हाताळतो तो) 128 सॅम्पलचा, म्हणजे साधारण 2.7 मिलीसेकंद, इंटरफेसचा स्वतःचा उशीर धरूनही ठेक्यावर बसता येतं. कंप्रेसर (जोरकस सूर आवरणारा) 4:1, अटॅक (तो किती पटकन पकडतो ते) थोडा सावकाश, ठोका आधी निसटू द्यायचा आणि मग पकडायचं. स्टुडिओत जेमरसन यांचा बेसही बहुतेक वेळा सरळ कन्सोलमध्येच (मिक्सिंगच्या टेबलात) जायचा. तारा, बोटं आणि थेट इनपुट एवढ्यावर काम भागतं याबद्दल मला आता शंका राहिलेली नाही.

आता कमाई. घरून बेस वाजवून देणाऱ्याला बहुधा गाण्यामागे ठरलेली रक्कम मिळते. रक्कम ठरलेली असली की त्यातला खरा मोबदला वेळ ठरवतो. तेच गाणं एका बसणीत झालं तर काम परवडतं. किंचाळ्या कापण्यात, टोन बदलून पुन्हा पाठवण्यात तीन संध्याकाळी गेल्या तर परवडत नाही. फ्लॅट तारा लावल्यापासून "बेस थोडा कमी टोकदार करता येईल का" हा निरोप येणं जवळपास बंद झालं. त्याच लोकांकडून पुढची गाणी येऊ लागली. यात माझा हात सुधारल्याचाही वाटा असेल, पण मिक्स करणाऱ्या इंजिनियरने स्वतःहून "कोणत्या तारा?" असं विचारलं तेव्हा मला खूप बरं वाटलं.

माझ्याहून पुष्कळ अनुभवी अशा एका सेशन बेसिस्टशी या काळात बरंच बोलणं झालं. मी त्यांना तारांबद्दल विचारत होते, आणि ते मला विचारत होते, "फेरबदल किती वेळा करून देणार, हे आधी लिहून घेतेस का?" त्यांच्या सांगण्यावरून मी आता काम सुरू व्हायच्या आधी चार ओळी पाठवते: अर्धी रक्कम आगाऊ, दोनदा दुरुस्ती मोबदल्यात धरलेली, श्रेयनामावलीत नाव, आणि बेसची चाल मीच रचली असेल तर रचनेत वाटा आहे की नाही. शेवटचं विचारायला संकोच वाटतो, पण विचारावंच. जेमरसन यांनी 1960 च्या दशकात मोटाउनच्या असंख्य गाण्यांचा पाया घातला, आणि त्या कंपनीच्या मोठ्या अल्बमवर त्यांचं नाव छापून यायला 1971 उजाडलं. हे वाचलं की मला आजही राग येतो.

स्ट्रीमिंगवर भिस्त ठेवू नका. स्पॉटिफायवर 2024 पासून, आधीच्या 12 महिन्यांत 1000 वेळा न वाजलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. नव्या कलाकारांची कितीतरी गाणी त्याखालीच राहतात. त्यामुळे "पैसे नंतर स्ट्रीममधून देतो" या बोलीवर मी वाजवत नाही. वादकाचे हक्क मात्र वेगळे. 1961 च्या रोम करारापासून अनेक देशांत रेकॉर्डिंग प्रसारित झाल्यावर वादकालाही मोबदला मिळण्याची सोय आहे, पण त्यासाठी त्या रेकॉर्डिंगवर आपण वाजवलंय ही नोंद असावी लागते. गाणं प्रकाशित झालं की त्याचा आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगची 12 अक्षर-अंकांची ओळख) मागून घ्या आणि आपल्या यादीत टिपून ठेवा. पाठवताना स्वच्छ डीआय ट्रॅक (थेट इनपुटमधून आलेला, काही न लावलेला) आणि तयार आवाजाचा ट्रॅक असे दोन्ही द्या, गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून, फाइलच्या नावात टेम्पो घालून. समोरच्याचा वेळ वाचला की तो पुन्हा आपल्यालाच विचारतो.

फ्लॅटचा सेट राउंडवाउंडपेक्षा महाग पडतो, पण वर्षानुवर्षं चालतो. दर दोन-तीन महिन्यांनी नवा सेट घेणाऱ्यांचा हिशेब फ्लॅटच्याच बाजूने लागेल. वाजवून झालं की सुक्या कापडाने पुसते, बाकी काही करत नाही. एकच बेस असेल आणि लग्नसमारंभापासून रॉकपर्यंत सगळं त्यावरच वाजवायचं असेल, तर हा बदल करू नका. टोन नॉब खाली घेऊन आणि स्पंज लावून राउंडवाउंडवर बरंच जवळ जाता येतं. दोन बेस असतील तर पॅसिव्ह असलेल्यावर फ्लॅट लावा आणि निदान दोन महिने त्या काढू नका. माझ्या दुसऱ्या बेसवर राउंडवाउंडच आहेत आणि स्लॅपचं काम आलं की तो बाहेर निघतो.