संत्र्याचा विषाणू की तंबाखूचा?

विषाणूच्या आवरण-प्रथिनात (म्हणजे त्याच्या बाहेरच्या कवचाच्या प्रथिनात) कोणती अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाचे घटक, किती आहेत, हा एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय ठरला, की नागपूरच्या विद्यार्थ्याचे मन संत्र्यावरील ट्रिस्टेझा विषाणूकडे ओढले जाते. केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था नागपुरातच, अमरावती मार्गावर असल्याने ते स्वाभाविकही आहे. तरीही पहिल्या प्रबंधासाठी माझे मत तंबाखूच्या मोझेक विषाणूला आहे.

मुख्य कारण नमुन्याचे. मोझेकच्या कणात सुमारे ९५ टक्के प्रथिन आणि ५ टक्के आरएनए (विषाणूचे जनुकीय द्रव्य) असते. हे प्रथिन एकाच प्रकारचे, १५८ अमिनो आम्लांचे असून त्याच्या सुमारे २१३० प्रती कणात रचलेल्या असतात. ट्रिस्टेझाचा कण सुमारे २००० नॅनोमीटर लांब आणि लवचिक असतो. तो झाडाच्या अन्नवाहिन्यांपुरताच राहत असल्याने मुबलक मिळत नाही. शिवाय त्याच्या आवरणात २५ व २७ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाची दोन प्रथिने असल्याने विश्लेषणात त्यांची सरमिसळ होते.

मोझेकच्या नेहमीच्या वाणाच्या आवरण-प्रथिनात हिस्टिडीन आणि मिथिओनीन ही अमिनो आम्ले नसतात. नमुना ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर २४ तास ठेवून प्रथिनाची अमिनो आम्ले सुटी केली आणि क्रोमॅटोग्राफीने ती कागदावर वेगवेगळी केल्यावर हिस्टिडीन ठळक दिसले, तर दुसरे प्रथिन मिसळले आहे, म्हणजे शुद्धीकरण फसले हे तिथल्या तिथे कळते. ट्रिस्टेझात अशी फुकटची कसोटी मिळत नाही. अमिनो आम्लांना रंग देणारे निनहायड्रिन फवारल्यावर कागदावर जांभळे ठिपके उमटतात, फक्त प्रोलीनचा पिवळा. हातमोजे विसरलात तर बोटेही जांभळी होतात. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मात्र हायड्रोक्लोरिक आम्लात नष्ट होते, म्हणून मोझेकच्या प्रथिनातील त्याच्या तीन रेणूंची मोजणी वेगळी करावी लागते.

मोझेकची एक अडचण आपल्याकडे विशेष जाणवेल. हा विषाणू सुकवलेल्या तंबाखूतही टिकून राहू शकतो, त्यामुळे खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाऊन आलेल्या हातांनी नियंत्रण-रोपांना, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या निरोगी रोपांना, स्पर्श करू नये.

ट्रिस्टेझाचाच आग्रह असेल, तर त्याच्या आवरण-प्रथिनाचे जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालून प्रथिन तयार करता येते. पण शुद्धीकरणासाठी प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडीनची शेपटी (हिस्टिडीनची छोटी साखळी) जोडली असेल, तर ती आकडेवारीतून वजा करावी. झाडावरून नमुना घ्यायचा तर विदर्भाच्या उन्हाळ्यात घेऊ नये, कारण तीव्र उष्णतेत विषाणूचे प्रमाण घटते. हिवाळ्यात कागदी लिंबाचे कोवळे पान उजेडासमोर धरावे आणि ज्या पानाच्या शिरा तुटक-तुटक पारदर्शक दिसतील, तेच निवडावे.