जुन्या दारांना ऑइल पेंट की पाण्याचा इनॅमल?

मैत्रिणीची सागवानी दारं, वर जुना ऑइल पेंट. आता काय द्यावं?

घासणं दोन्हींत चुकत नाही. ऑइल पेंटला जुनी चकाकी मोडली तरी बहुधा पुरतं. पाण्याच्या इनॅमलला (पाणी घालून पातळ करायचा रंग) घासल्यावर आधी प्रायमरचाही हात (रंग धरून ठेवणारा खालचा थर) लागतो, नाहीतर नखाने पापुद्रा निघतो. अळशीचं तेल दिलेलं लाकूड आधी टर्पेंटाइनने पुसून घ्या. आणि रंग खूप जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. ओलं करूनच घासा, मुलांना लांब ठेवा.

वास, वाळणं यांत पाण्याचा सरळ जिंकतो: दुसरा हात बहुधा त्याच दिवशी. ऑइलला रात्र जाते, शिवाय पांढरा काही वर्षांत पिवळटतो. पाण्याचा महाग, एवढंच.

राहत्या घरात, पांढऱ्या रंगासाठी पाण्याचा. घर रिकामं, रंग गडद, हात आखडता असेल तर ऑइल पेंट.