नोकरी सांभाळून पळणाऱ्यांसाठी बॅच मस्त, फी जरा जास्त
सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी पुण्यातल्या तळजाई टेकडीवरची एक कोचिंग बॅच लावलीये. मंगळवार-गुरुवार हलकं पळणं, शनिवारी आराम, रविवारी लाँग रन आणि ऑफिसात रात्रीचा कॉल लांबला तर सर स्वतःच म्हणतात आज झोप काढ, रन सोड, हे बाकी फार आवडलं कारण बाकीच्या कोचना नुसते किलोमीटर मोजायचे असतात. रेसमध्ये यवतेश्वरचा घाट चढायचाय म्हणून टेकडीवर चढाचा सराव भरपूर. शेवटचे दोन आठवडे पळणं निम्म्यावर आणतात, तेव्हा सगळ्यांची नुसती चुळबुळ, पण २१ किमीला पाय ताजे नकोत का राव? स्ट्रेचिंग मात्र घाईत उरकतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आधी म्यूट करा, मेडलचे फोटो संपतच नाहीत.