सहा मिलिमीटरचा शिपाई आणि ४८,६५० रुपये

फसवणुकीत गेलेली रक्कम आधी सांगतो. २८,२५०, मग ७,९००, मग १२,५००. एकूण ४८,६५० रुपये. तिन्ही वेळा मी स्वतः, माझ्या हाताने, माझ्या मोबाईलवरून पाठवले. कोणी ओटीपी काढून घेतला नाही की कसली लिंक दाबायला लावली नाही. म्हणूनच हे लिहायला मला चार महिने लागले. लाज वाटत होती, अजूनही वाटते. पण गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका मुलाचा मेसेज आला आणि आता गप्प बसणं पाप होईल. तो काय म्हणाला ते शेवटी सांगतो.

साताऱ्यात मोती चौकापासून जवळच माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आता दुरुस्ती म्हणजे सेल बदलणं आणि पट्टा घालणं, एवढंच उरलंय. डोळ्याला आयग्लास लावून तासन्‌तास बसायची सवय मात्र हाडात मुरलेली. त्या सवयीतूनच नऊ वर्षांपूर्वी मी वॉरगेमचे, म्हणजे टेबलावर लढाई मांडून खेळायच्या खेळाचे, सहा मिलिमीटरचे शिपाई रंगवायला लागलो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: तळपायापासून डोळ्यापर्यंत सहा मिलिमीटर. इंद्रायणी तांदळाचा एक दाणा उभा करा, तेवढा माणूस. पायदळ चार-चारच्या पट्टीत ओतलेलं येतं, घोडेस्वार बहुतेक तीन-तीनच्या. एवढं लहान कशाला, असं लोक विचारतात. कारण जेवणाच्या टेबलावर मोठे पुतळे मांडले तर वीस माणसांना पलटण म्हणावं लागतं. सहा मिलिमीटरमध्ये पलटण खरोखर पलटणीसारखी दिसते.

जुलैत एकाचा फोन आला. पुण्यात एका शाळेसाठी इतिहासाचं कायमस्वरूपी दालन करतोय, म्हणाला. त्यात सातारच्या किल्ल्याचा वेढा मांडायचाय. डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७००, औरंगजेब स्वतः खाली तळ देऊन बसलेला. त्याला १३ एप्रिलचा दिवस हवा होता. तरबियतखानाच्या सुरुंगांचा. पहिल्या स्फोटात आतली आपली माणसं गेली, दुसऱ्यात तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि चढाईला सज्ज असलेले मोगलच त्याखाली गाडले गेले. प्रयागजी प्रभू ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. हे सगळं त्याने मला न अडखळता सांगितलं.

मी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलो. सकाळी दुकान उघडताना मान वर केली की तो तट दिसतो. नऊ वर्षांत मला परदेशातल्या लढायांचीच कामं मिळाली, तीही तुरळक. आपल्या गावचा वेढा रंगवायला मिळतोय म्हटल्यावर माझं काय झालं असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

हिशेब ठरला. १,६०० पायदळ, माणशी ३० रुपये, म्हणजे ४८,०००. ३०० घोडेस्वार ६० रुपयांनी, १८,०००. डोंगर आणि तट २५,०००. एकूण ९१,०००. नमुना म्हणून मी माझ्याकडच्या तुर्की शिपायांच्या पट्ट्यांवरून पागोटेवाले २४ मावळे रंगवून फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी ५,००० रुपये टोकन खात्यात जमा. मला आवेशाने विचारणाऱ्या सगळ्यांना माझं एवढंच उत्तर आहे: त्याने आधी दिले होते. जो आधी देतो तो लुबाडायला आलाय असं कोणाच्या मनात येईल? या पाच हजारांनी पुढे मला कसं बुडवलं ते खाली आहेच.

मग कास्टिंगचा, म्हणजे रंगवायच्या ओतीव शिपायांचा, विषय निघाला. मोगल आणि मराठे सहा मिलिमीटरमध्ये सहजासहजी मिळत नाहीत. आम्ही तुर्कांना पागोटी चढवतो, ढाली तासतो, कसंतरी जमवतो. तो म्हणाला, ‘‘काका, आमचा परदेशातला सप्लायर ठरलेला आहे, त्याच्याकडे खास ही रेंज आहे. बिल तुमच्या नावाने करा, पहिल्या हप्त्यात आम्ही वळतं करू.’’ चारशे पट्ट्या ४६ रुपयांनी १८,४००, घोड्यांच्या शंभर पट्ट्या ६० रुपयांनी ६,०००, तोफा-उंट-बैल ३,८५०. दर वाजवी होता. फुकट काही देतो म्हणाला असता तर मी हसून फोन ठेवला असता.

आणि त्या सप्लायरने फोटो पाठवला.

याच्यावरच मला बोलायचंय, कारण रोज रात्री हाच फोटो डोळ्यांसमोर येतो. रंग न दिलेले मोगल बंदूकधारी, एकेक सुटा, गोल बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर. मी मोबाईलवर दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मिशीचे केस वेगळे दिसत होते. चिलखताच्या कड्या मोजता येत होत्या. पापण्या दिसत होत्या. आणि मी काय केलं? बायकोला हाक मारून दाखवलं, ‘‘बघ, काय काम आहे!’’

सहा मिलिमीटरच्या माणसाचं अख्खं डोकं जेमतेम एक मिलिमीटरचं असतं. त्याला पापणी असूच शकत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो की डोळे रंगवायच्या भानगडीत पडू नका, चेहरा म्हणजे कातडीच्या रंगाचा एक ठिपका. काळ्या किंवा गडद तपकिरी प्रायमरवर, म्हणजे अस्तराच्या रंगावर, रंग दोन छटा उजळ लावा, कारण एवढ्याशा वस्तूवरून प्रकाशच कमी परततो आणि खरा रंग लावला तर सगळी पलटण काळवंडते. तीन शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक, ब्रश घेऊ नका, त्याच्या टोकावरचा रंग शिपायापर्यंत पोचायच्या आत वाळतो. एक नंबरचा, पण टोक शाबूत असलेला घ्या. हे मी शिकवतो. आणि माझ्यासमोर पट्टीत नसलेला, गोल बेसवर उभा, पापण्या असलेला शिपाई ‘सहा मिलिमीटर’ म्हणून ठेवला जातो आणि मला कळत नाही! तो फोटो उघडउघड अठ्ठावीस मिलिमीटरच्या पुतळ्यांचा होता. मनगटी घड्याळातला केसाएवढा तिढा मला दिसतो. हा दिसला नाही, कारण मला तो बघायचाच नव्हता.

बायकोने फोटो पाहिला आणि विचारलं, ‘‘अहो, काम आपण करणार, मग पैसे आपण का द्यायचे?’’ मी तिच्यावर डाफरलो. तुला यातलं कळत नाही म्हणालो.

२८,२५० पाठवले. यूपीआयवर नाव आलं ते सप्लायरचंही नव्हतं, त्या माणसाचंही नव्हतं, तिसऱ्याच कोणाचं तरी. स्क्रीनवर येणारं नाव वाचा. वाचून थांबा. मी वाचलं आणि पुढे गेलो.

बारा दिवसांनी पार्सल मुंबईला कस्टममध्ये अडकल्याची पावती. ७,९००. तिच्यावर वजन साडेचौदा किलो. सगळ्या पाचशे पट्ट्या चपलांच्या खोक्यात मावतील, साडेचौदा किलो कुठून होणार? तेही मी वाचलं होतं. कस्टमची ड्युटी पोस्ट किंवा कुरियरवाला पार्सल देताना रीतसर पावती करून घेतो. ती कोणाच्या खासगी यूपीआयवर कधीच जात नाही. मग शाळेच्या ट्रस्टच्या नियमाप्रमाणे ‘जीएसटी अनामत, परत मिळणारी’, १२,५००. वर्षाला २० लाखांच्या आत सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, आणि करायचीच म्हटली तर सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. हे मला माझ्या शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, पैसे गेल्यावर. शेजाऱ्याला आधी विचारा. लाज सोडून विचारा.

चौथ्यांदा विम्याचे १८,००० मागितले तेव्हा माझ्याकडे नव्हते. पैसे नव्हते म्हणून वाचलो, अक्कल होती म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही नंबर बंद.

आता पोलीस ठाण्याचं ऐका. मी सहा दिवस कोणाला बोललो नाही, ही माझी चूक. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, पहिल्या तासाभरात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. सहा दिवसांनी ते चार खाती फिरून काढलेही गेलेले असतात. घरात सांगायची लाज वाटत असेल तर घरात नंतर सांगा, १९३० ला आधी सांगा. तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, आणि तो क्रमांक घेऊन ठाण्यात गेलो.

हवालदाराने कागद वाचला आणि मोठ्याने शेजारच्याला सांगितलं, ‘‘खेळण्यातल्या शिपायांचे अठ्ठेचाळीस हजार!’’ दोघं हसले. मी खिशातली डबी काढून त्यांच्या टेबलावर एक पट्टी ठेवली, काय चीज असते ते दाखवायला. त्याने ती नखाने ढकलली. मग सुरू झालं. हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. पुण्याचा माणूस आहे ना, मग पुण्यात तक्रार द्या. सायबरचे साहेब रजेवर आहेत. साहेब आले तर स्टेटमेंट शिक्क्यासह आणा. शिक्क्यासाठी बँकेत गेलो तर म्हणे पोलिसांचं पत्र आणा. पाच फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी दुकान बंद, प्रत्येक वेळी अर्धा दिवस बाकावर. पाचव्या फेरीला कोणी तरी माझा अर्ज ‘आवक’मध्ये घेतला आणि पोच द्यायला नकार दिला.

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. पूर्वीचं ४२० म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (४). गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला झिरो एफआयआर घेता येतो. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात ते लिहिलंय. ठाण्याने नकार दिला तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आणि मगच माझी नोंद झाली. पोच घेतल्याशिवाय कुठूनही उठू नका.

आणि या सगळ्यात सप्टेंबरमध्ये माझंच खातं गोठलं. बँकेत गेलो तर खिडकीवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं: दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची सूचना, चोरीची रक्कम ५,००० या खात्यात आली. ते टोकन! ते पाच हजार त्याने स्वतःच्या खिशातून दिलेच नव्हते. दुसऱ्या कोणा फसलेल्या माणसाकडून थेट माझ्या खात्यात टाकायला लावले होते. म्हणजे कागदोपत्री मीही चोरांच्या साखळीतला एक. वाद ५,००० चा, आणि रोखले किती? सगळे ६१,३१२. पाच हजारच अडवून ठेवा, बाकीचे मोकळे करा, एवढंच मी म्हणत होतो. दुकानाचं भाडं त्यातून जातं, मुलीच्या कॉलेजचा हप्ता त्यातून जातो. शाखेत म्हणाले आमच्या हातात नाही, त्या राज्याच्या पोलिसांकडून पत्र आणा. त्या ठाण्याला ई-मेल केले, सात. एकाचंही उत्तर नाही. फोन उचलला तर भाषा समजेना. चौतीस वर्षं मी या शाखेत खातं चालवतोय, माझ्या वडिलांचा सही-नमुना तिथे होता, आणि तिथलाच माणूस मला विचारतो, ‘‘तुम्ही नक्की काय धंदा करता?’’

हप्ता मेव्हण्याकडून उसने घेऊन भरला. ४१ दिवसांनी खातं मोकळं झालं, ५,००० वगळून. ते ज्याचे होते त्याला मिळावेत, माझी त्यावर तक्रार नाही. तोही माझ्यासारखाच असणार.

अनोळखी गिऱ्हाईकाचं टोकन आलं की पाठवणाऱ्याचं नाव आणि गिऱ्हाईकाचं नाव जुळतं का बघा. जुळत नसेल तर काम सुरू करण्याआधी लेखी विचारा, आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. माझ्याकडे सुरुवातीचे चॅट होते म्हणून मी निभावलो.

आता नाशिकचा मुलगा. त्याने कोणाला तरी ४,००० रुपये आगाऊ दिले होते, मराठा पायदळ रंगवून घेण्यासाठी. रंगवणाऱ्याने कामाचा नमुना म्हणून एक फोटो पाठवला होता. पैसे गेले, नंबर बंद झाला. फोटोतली माती ओळखीची वाटली म्हणून त्याने शोधत शोधत मला विचारलं, ‘‘काका, हे तुमचं आहे का?’’

माझंच आहे. मी त्या माणसाला पाठवलेले ते २४ मावळे. माझं काम आमिष म्हणून वापरून तो आता पोरांना लुबाडतोय, आणि उद्या कोणी तरी म्हणेल की साताऱ्याच्या घड्याळजीने फसवलं.

म्हणून नीट लक्षात ठेवा. त्या फोटोतला बेस ६० बाय ३० मिलिमीटरचा, त्यावर सहा पट्ट्या, तीन-तीनच्या दोन ओळींत. माती तांबडी, यवतेश्वरच्या घाटातून आणून चहाच्या गाळणीने चाळलेली. पुढच्या ओळीत मधोमध भगवा आहे. त्याची काठी म्हणजे कपड्याच्या ब्रशचा एक केस, आणि तो डावीकडे किंचित झुकलेला आहे. मागच्या ओळीत डावीकडून तिसऱ्याच्या पागोट्याचा पांढरा रंग खाली उतरून त्याच्या उजव्या खांद्यावर आलाय. तो माझ्याकडून पुसायचा राहिला होता. हा फोटो दाखवून कोणीही तुमच्याकडे पैसे मागत असेल, तर तो मी नाही. तो बेस आत्ता माझ्या दुकानात, काचेच्या कपाटात आहे, आणि मी तो कोणाला विकलेला नाही.