दोन मोठी बटणे आणि मागे १९ सॉकेट: एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर

दोन्ही हातांची बोटे सारख्याच चपळाईने चालतात, असे गृहीत धरूनच नेहमीचे गेम कंट्रोलर घडवले जातात. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेला हा कंट्रोलर ते गृहीतकच बाजूला ठेवतो. सपाट पांढऱ्या पेटीवर तळहाताने किंवा कोपरानेही दाबता येतील अशी दोन मोठी काळी बटणे आहेत. खरी करामत मात्र मागच्या बाजूला आहे, कारण तिथल्या ३.५ मिलिमीटरच्या १९ सॉकेटमध्ये पायाखालचे पेडल, मानेजवळचा स्विच किंवा हलक्या स्पर्शाने चालणारे बटण, ज्याला जे जमेल ते जोडता येते. प्रत्येक सॉकेटच्या वरच्या अंगाला खाच आहे, त्यामुळे पिन कुठे घालायची हे पेटी न उलटता नुसते चाचपून कळते. इतका बारीक विचार क्वचितच दिसतो. जॉयस्टिक मात्र सोबत मिळत नाही, ती बाजूच्या यूएसबी पोर्टला स्वतंत्रपणे घेऊन जोडावी लागते, आणि वेगळे घ्यायचे स्विच खिशाला जडच जातात. पुढच्या आवृत्तीत निदान एक जॉयस्टिक खोक्यातच असावी. कोपायलट सुविधेमुळे दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवतात, म्हणजे न जमणारी तेवढी बटणे शेजारी बसलेल्या भावंडाकडे सोपवता येतात.